म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी येतंय? पहिले पंधरा दिवस असे सांभाळा

डॉक्टर राऊंडला येऊन "उद्या सोडतो" म्हणाले की सगळं घर बिलाच्या मागे लागतं. तेवढ्या वेळात एकाने तरी वॉर्डातच थांबावं, कारण घरची निम्मी तयारी तिथेच होते.

सुट्टीच्या आधी. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी घरून घेऊन जा आणि नव्या कागदाशी ताडून घ्या. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जाणं, हा घोळ फार घरांत होतो. पायावर किती भार द्यायचा, टाके कधी काढायचे, जिना चालेल का, हे विचारून लिहून घ्या. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती रिकामी कशी करायची ते सिस्टरांसमोर स्वतः करून पाहा. पिशवी कायम कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये.

घर. नाशकातल्या पंचवटी किंवा रविवार कारंजाच्या जुन्या वाड्यांतले अरुंद जिने धडधाकट माणसाचीही परीक्षा पाहतात. तळमजल्यावरची खोली मिळत असेल, अगदी सिडकोतल्या लेकीकडची असली तरी, पंधरा दिवस तिथे काढावेत. त्यात कमीपणा कसला? वॉकर आणि कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानांत भाड्यानेही मिळतात, विकत घेण्याची घाई नको. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यावी. पायपुसणी उचला आणि रात्री संडासच्या वाटेवर दिवा राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत नाशकात थंडी बोचते, म्हणून गरम पाण्याची पिशवी हमखास निघते. मधुमेह्याच्या पायाला मात्र ती लावू नका. चटका कळत नाही आणि फोड येतो.

माणूस. ब्युरोकडून, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून, मावशी किंवा ब्रदर (पुरुष मदतनीस) घेताना बारा तास की चोवीस, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, अंघोळ घालणार का, हे आधीच ठरवा. इंजेक्शन आणि ड्रेसिंग हे मावशींचं काम नव्हे, त्यासाठी नर्सच हवी. एकच पाळी परवडत असेल तर माझं मत रात्रीच्या पाळीला. दिवसा घरात कोणीतरी असतं, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाण्याची भीती जास्त.

उठवताना. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. आधी कुशीवर वळू द्या, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवा. चक्कर नाही ना, विचारा. मगच उभं करा, नाहीतर बीपी एकदम उतरून माणूस कोसळतो. पायाचं ऑपरेशन असेल आणि जिन्याला परवानगी असेल, तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. झोपूनच असतील तर दर दोन तासांनी कूस बदला.

जेवणात नुसती पेज नको. झिजलेल्या स्नायूंना डाळ, अंडं, पनीर हवं. किडनीचं पथ्य असेल तर अर्थात डॉक्टरांना विचारून. जेवण घटलं आणि शुगरची गोळी तेवढीच राहिली तर शुगर उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच तपासा.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अचानक धाप लागली किंवा माणूस ओळखेनासा झाला तर 108 ला फोन.

पैसे. वय 70 किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतल्या वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात उपचार झाले असतील तर सुट्टीनंतरच्या 15 दिवसांची औषधंही त्यात येतात. मावशींचा पगार मात्र खिशातूनच.

मदत कमी करताना. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे सेवा म्हणजे सगळं हातात देणं. दुसऱ्या आठवड्यात दात घासणं, केस विंचरणं, ताटातलं जेवणं त्यांचं त्यांना करू द्या, अर्धा तास लागला तरी. आधी अंघोळीची मदत नुसत्या सोबतीवर आणा. दोन-तीन रात्री कोणी न उठवता ते संडासला जाऊन सुखरूप परत आले की रात्रीची पाळी बंद करा, आणि वॉकर कधी सोडायचा ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या.