ग्वाल्हेरची थंडी, ट्रकच्या कच्च्या बॅटऱ्या आणि आदल्या संध्याकाळची तयारी

जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरला पारा कधीकधी पाचाच्या खाली जातो आणि पहाटे ट्रान्सपोर्ट नगरात धुकं असं उतरतं की स्वतःच्याच ट्रकचा नंबर वाचता येत नाही. ऑइल घट्ट होतं, सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, जास्त जोर हवा असतो आणि नेमकी तेव्हाच गारठलेली बॅटरी कमी देते. म्हणून जंपरची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने आपली गाडी चालू करण्याची, तयारी उजेड असतानाच करावी.

बॅटरीची पेटी भिंतीकडे येईल असा ट्रक लावू नका, दुसरी गाडी शेजारी कशी येणार? ती कोणाची, हेही संध्याकाळीच ठरवा. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेल्या ग्वाल्हेर मेळ्याचे हेच दिवस, ऐन वेळी मोकळी गाडी सापडत नाही. आणि ती 24 व्होल्टचीच हवी. शेजाऱ्यांची कार कामाची नाही. मोठ्या ट्रकात 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. गाडी काही तास बंद राहिली की मीटर लावा: दोन्ही मिळून 25 च्या वर असेल तर बरं, 24.4 म्हणजे निम्मीच चार्ज. प्रत्येक वेगळीही मोजा, बऱ्याचदा एकच खचलेली निघते.

आता लाल ऑइलपेंटची डबी आणा. हसू नका. चार टर्मिनलांत प्लस दोन. एक दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला जोडलेला, तो आपला नव्हे. सेल्फकडे जाड केबल जाते तो खरा, त्याच्याशेजारी ठिपका द्या. मी एकदा पहाटे पाचला, टॉर्च तोंडात धरून, मधल्या प्लसला चिमटा लावला होता. ठिणगी उडाली, केबलचं आवरण वितळलं आणि क्लीनर दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होता.

केबल जाड तांब्याची असावी, घरातली वायर नको. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर सोड्याच्या कोमट पाण्याने काढा, बॅटरीची बुचं घट्ट लावूनच. चष्मा, हातमोजे जवळ ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बिडी लांब. बॅटरी फुगली किंवा तडकली असेल तर जंपर लावूच नका.

क्रम कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा, पहाटे डोकं चालत नाही. लाल चिमटा आधी आपल्या ठिपक्याच्या प्लसला, मग मदतीच्या गाडीच्या तशाच प्लसला. काळा तिच्या चॅसीला जोडलेल्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या किंवा चॅसीच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. दिवे, पंखा, टेप बंद. ती गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, मग क्लच दाबून सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर दम. चालू झाली की चिमटे उलट क्रमाने काढा आणि चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका.