शेवटच्या दहा जागा

अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा, आठवतो, त्याच्या जाहिराती आठवतात. मी या खेळाजवळ आले ती अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी, म्हणून. नाशिकला फिजिओथेरपी, अमेरिकेत मास्टर्स, मग एक कॉलेज संघ आणि एका उन्हाळ्यात एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाच्या सराव-कॅम्पमध्ये इंटर्नशिप. घोट्याला टेप करून घ्यायला माझ्या टेबलावर बसायची ती बहुतेक यादीतल्या शेवटच्या दहा जागांसाठी धडपडणारी मुलं. इथले मराठी पालक फोनवर विचारतात, "मुलगा हायस्कूलमध्ये छान खेळतो, पुढे काय?" मी त्यांना या मुलांबद्दलच सांगते. त्यांचा मुलगा इतक्या वर पोचलाच, तर बहुधा तोही अशाच एखाद्या टेबलावर बसलेला असेल.

हायस्कूल सोडून ३ वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही, त्यामुळे रस्ता कॉलेजमधूनच जातो. देशभरात हायस्कूलला सुमारे १० लाख मुलं खेळतात. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ७ फेऱ्या मिळून साधारण २६० नावं पुकारली जातात. त्याआधी निवडक मुलांना इंडियानापोलिसला 'कम्बाइन'ला, म्हणजे चाचण्यांना, बोलावतात. टीव्हीवर दिसते ती ४० यार्डांची धाव आणि १०२ किलोचा बार. संघांचा खरा डोळा असतो वैद्यकीय तपासणीवर. एकच गुडघा कितीतरी संघांचे डॉक्टर वाकवून, पिळून बघतात. म्हणून शाळेपासूनचे एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद नीट जपून ठेवा.

कॅम्पमध्ये ९० जण येतात. ऑगस्टच्या अखेरीस ५३ राहतात, आणखी १६-१७ जणांना सरावापुरतं, म्हणजे प्रॅक्टिस स्क्वाडवर, ठेवतात. बाकीच्यांना निरोप. निरोप आणणाऱ्या माणसाला खेळाडू 'टर्क' म्हणतात. तो खांद्यावर हात ठेवून सांगतो, "कोचनी बोलावलंय, आयपॅड घेऊन ये." आयपॅड म्हणजे संघाच्या चालींचं पुस्तक; ते परत मागितलं की समजायचं. कपातीच्या आठवड्यात नाश्त्याच्या वेळी तो माणूस दारात दिसला, की मोठमोठी माणसं ताटात मान घालून खायची.

पगाराचे आकडे ऐकून पालक हरखतात. २०२५ साली नवख्याचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता. पण तो हंगामाच्या १८ आठवड्यांत थोडाथोडा कमावला जातो आणि बहुतेक करारांत हमी फक्त सही करताना दिलेल्या बोनसची असते. ऑगस्टमध्ये काढलं तर त्या आकड्यातलं काहीच हाती येत नाही. प्रॅक्टिस स्क्वाडवर त्या वर्षी आठवड्याला किमान १३,००० डॉलर होते, तेही जितके आठवडे ठेवतील तितकेच. त्यातून एजंटचे ३ टक्क्यांपर्यंत, केंद्राचा कर, आणि बाहेरच्या राज्यात सामना खेळलात की बहुतेक ठिकाणी त्या राज्याचाही कर. पहिल्या चेकवर मोठी गाडी घेणारे मी पाहिले आहेत. गाडी छान होती, पार्किंग भाड्याच्या खोलीसमोर.

पेन्शनला ३ मान्य हंगाम लागतात, आणि संघाच्या पूर्ण पगारी यादीवर ३ सामने असलात की एक हंगाम मान्य होतो. हे गणित यादीच्या काठावरच्या प्रत्येक खेळाडूला पाठ असतं. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतच सांगते.

आता दुखापती, माझं काम तिथलंच. कॅम्पमध्ये पहाटेपासून टेपिंग सुरू होतं. सरावाआधी आणि नंतर वजन करायचं, किती पाणी गेलं ते मोजायचं. मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब तयार ठेवायचा. २००१ साली कोरी स्ट्रिंगर हा मिनेसोटाचा खेळाडू कॅम्पमधल्या उन्हाने उष्माघात होऊन गेला. त्यानंतर या बाबतीत हयगय चालत नाही. डोक्याला मार लागल्याचा संशय आला, तर सामन्यात संघाशी संबंध नसलेले मेंदूचे तज्ज्ञही खेळाडूला तपासतात. २००२ साली डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गचा माजी खेळाडू माइक वेब्स्टर याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तिथून सीटीईची, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराची, चर्चा सुरू झाली. हा आजार आजही मृत्यूनंतरच खात्रीने ओळखता येतो. आईवडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नियम कितीही कडक असोत, काठावरचा मुलगा दुखणं लपवतो. मांडीमागचा स्नायू ताणलाय हे सांगितलं तर दोन दिवस सराव बुडतो, आणि ते दोन दिवस दुसरा कुणी त्याच्या जागी कोचसमोर पळतो. मुलं टेबलावर हसत बसायची. बोट लावल्यावर अंग आक्रसायचं, त्यावरून कळायचं. तिथं मी ऐकून घ्यायला शिकले, पण मुख्य ट्रेनरला कळवायचं कधीच टाळलं नाही.

अशा मुलांना हमखास क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरची गोष्ट ऐकवतात. ड्राफ्टमध्ये नाव नाही, १९९४ ला ग्रीन बे संघाने कॅम्पमधून काढलं, आयोवात किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावला आणि १९९९ च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. गोष्ट खरी आहे, पण आणखी एक वर्ष, अजून एक कॅम्प करत तिशीला आलेली आणि डिग्री अर्धवट राहिलेली माणसंही याच गोष्टीवर जगतात. माझं मत विचाराल तर शिष्यवृत्ती आहे तोवर डिग्री पुरी करा. कॉलेज निवडताना कोच काय म्हणतो त्याआधी तिथले किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात ते विचारा.

बाहेरून येणाऱ्यांना दार अगदीच बंद नाही. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ ला फिलाडेल्फियाने त्याला सातव्या फेरीत घेतलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल जिंकला. अर्थात त्याची उंची दोन मीटरच्या वर आहे. आपल्या घरांतल्या साध्या बांध्याच्या मुलांसाठी मी किकरचं, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्याचं, नाव घेते. मॉर्टन अँडरसन डेन्मार्कहून विद्यार्थी म्हणून आला, इथे येऊन पहिल्यांदा या चेंडूला लाथ मारली आणि वयाच्या ४७ व्या वर्षापर्यंत खेळला. जागा मात्र संघागणिक साधारण एकच असते, आणि दोन महत्त्वाच्या किक हुकल्या की सोमवारी दुसऱ्या किकरना चाचणीला बोलावतात. किकसाठी चेंडू मागे फेकून देणारा लाँग स्नॅपरही एकच असतो. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, आणि चेंडू नीट मागे देत राहिला तर नोकरी बराच काळ टिकते.