लेक्चरचं ट्रान्सक्रिप्ट करून द्यायचंय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे लेक्चरमधलं बोलणं ऐकून लिहून काढणं, आणि तासाभराच्या लेक्चरला त्यासाठी तासभर पुरत नाही, हाताने टाइप करायचं तर चार ते सहा तास आरामात जातात आणि फळा गणितांनी भरलेला असेल तर विचारूच नका. म्हणून उत्साहाच्या भरात अख्खा कोर्स अंगावर घेऊ नका, आधी कोर्सवाल्यांकडून पंधरा मिनिटांचा तुकडा मागून घ्या.

लायसन्स बघायचं विसरू नका. एमआयटीने २००१ मध्ये ओपनकोर्सवेअर, म्हणजे आपले कोर्स सगळ्यांना ऑनलाइन मोफत देणं, जाहीर केलं, त्यांचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आहे, म्हणजे नाव द्या, धंदा करू नका, बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर द्या. सगळीकडे असंच असेल असं धरून चालू नका, शंका आली तर कोर्सवाल्यांना सरळ मेल टाका, तेव्हाच विचारा की हे काम आधीच कोणी करतंय का, नाहीतर दोघं एकच लेक्चर घासत बसता.

टाइप करायला मी ओट्रान्सक्राइब वापरते, ब्राउझरमध्येच चालतं, एस्केप दाबलं की ऑडिओ थांबतो, परत दाबलं की सुरू, माउसला हात लावायची गरज नाही. फक्त मजकूर ब्राउझरमध्येच सेव्ह होतो, हिस्टरी साफ केलीत की गेला, तेव्हा उठताना एक्सपोर्ट करायचंच.

विस्परसारख्या, बोलणं ऐकून आपोआप मजकूर करणाऱ्या टूलकडून कच्चा मसुदा काढला तर वेळ वाचतो, पण ते चुकतं तेही एकदम ठामपणे. आयगेनव्हॅल्यू या गणितातल्या संज्ञेचं आयर्न व्हॅल्यू झालं तर निदान हसू येतं आणि कळतं. 'कॅन'च्या जागी 'कान्ट' पडलं तर वाक्य दिसायला एकदम नीट आणि सिद्धांत मात्र उलटा! त्यामुळे नकारार्थी वाक्यं मी सगळी परत ऐकते. सुरुवातीलाच कोर्सच्या नोट्समधून संज्ञांची यादी करून शेजारी ठेवा. कळलंच नाही तर अंदाज ठोकू नका, [अस्पष्ट १२:४०] लिहा आणि पुढे जा, विषयातला कोणीतरी भरेल.

आता फळा. सर म्हणतात "हे इकडे नेलं की ते उडालं", बघणाऱ्याला कळतं, पण स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नुसतं ट्रान्सक्रिप्ट ऐकणाऱ्याला काय कळणार, काय उडालं? तिथे चौकटी कंसात [फळ्यावर: दोन्ही बाजूंतून क्ष वजा] असं टाका. सर प्लस लिहून मायनस बोलले तर बोलणं तसंच ठेवा, कंसात नोंद करा, परस्पर दुरुस्ती नको. "अं", "म्हणजे" बिनधास्त काढा.

कॅप्शनही, म्हणजे व्हिडिओवर बोलण्यासोबत दिसणाऱ्या ओळीही, करणार असाल तर एका वेळी दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि वाक्य अर्थ बघून तोडा. एसआरटी आणि व्हीटीटी हे कॅप्शन फाइलचे दोन प्रकार, मी एकदा एसआरटी फाइलचं नुसतं एक्स्टेंशन बदलून व्हीटीटी केलं आणि स्क्रीनवर काहीच येईना, अर्धी रात्र गेली. एसआरटीत सेकंदांनंतर स्वल्पविराम लागतो, व्हीटीटीत टिंब, शिवाय पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये हवा, एवढंच होतं ते.

पाठवण्याआधी आवाज बंद करून एकदा बघा, आणि फाइलच्या नावात लेक्चर नंबर टाका, 'फायनल नवीन २' असं नको, प्लीज.