लग्नपत्रिकांवरची पत्त्यांची लेबलं घरच्या संगणकावर कशी छापावीत

पत्रिका छापून आल्या की लग्नघरात दोन-तीन संध्याकाळी सगळे पाकिटांवर पत्ते लिहायला बसतात. एकाचं अक्षर मोत्यासारखं, दुसऱ्याचं लागता लागत नाही. एका घरी दोन पत्रिका जातात आणि सख्ख्या मावशीचं पाकीट मात्र राहून जातं. यादी शंभराच्या पुढे गेली की हे काम संगणकाकडे द्यावं. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. त्यातल्या कॅल्कमध्ये यादी करायची, बेसमधून ती जोडायची आणि रायटरमध्ये लेबलं काढायची. छपाईला तासभर लागतो. बाकी सगळा वेळ यादीला द्या, कारण पुढे मुंजीला, वास्तुशांतीला, दिवाळीच्या शुभेच्छांना हीच यादी कामाला येते.

यादी

कॅल्कमध्ये नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं लिहा. त्यांच्या वर ‘पत्त्यांची यादी’ असं मोठं शीर्षक नको, मर्ज केलेले सेल नकोत आणि मध्ये कोरी ओळही नको. बेस पहिली ओळ रकान्यांची नावं म्हणूनच वाचतो. नावं छोटी ठेवा, त्यांत टिंब किंवा मोकळी जागा घालू नका: मान, नाव, पत्ता१, पत्ता२, गाव, तालुकाजिल्हा, पिन, कोणाकडून, पाठवायचं. एका घराला एक ओळ.

मानाचा रकाना नावापासून वेगळा का, ते सांगतो. आमच्या घरातल्या एका कार्याला मी जुनी यादी तशीच वापरली. एका घरी ‘श्री. व सौ.’ असं लेबल गेलं. तिथले काका वर्षापूर्वीच गेले होते. काकूंनी फोनवर एक शब्दही वेडावाकडा काढला नाही, पण ते पाकीट त्यांच्या हातात पडलं असेल तो क्षण आठवला की मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून छपाईआधी घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून मानाचा रकाना वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचतो. कोण आजी झाल्या, कोण डॉक्टर झालं, कुठे आता ‘श्रीमती’ लिहायचं, कुठे ‘समस्त परिवार’, हे त्यांनाच ठाऊक असतं. मान वेगळ्या रकान्यात असला की दुरुस्ती एका सेलची असते.

पत्त्याचे तुकडे पाडताना शहर आणि खेडं दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा. शहरातल्या पत्त्यात फ्लॅट, इमारत, रस्ता, खूण असा मजकूर असतो. तो पत्ता१ आणि पत्ता२ मध्ये मावतो आणि तालुकाजिल्हा कोरा राहतो. खेड्यातल्या पत्त्याचं बरोबर उलट. तिथे ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव एवढाच पत्ता असतो, आणि खरी मदार तालुका-जिल्ह्यावर. औंधचंच बघा. एक औंध पुण्यात, पिनकोड ४११००७. दुसरं सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, आणि तिथला पिनकोड ४१५ ने सुरू होतो. नुसतं ‘मु. पो. औंध’ लिहिलं तर पाकीट कुठल्या औंधला जायचं? म्हणून गावच्या पत्त्यात ‘ता. खटाव, जि. सातारा’ हा रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्यांमुळे लेबलावर कोरी ओळ येऊ शकते. ती चालेल, पण तालुका नसलेला पत्ता चालणार नाही.

पिनकोड

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना. एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढायला सहा आकडे पुरले. पहिला आकडा विभागाचा; महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही ४ मध्ये येतात. पहिले तीन आकडे टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे: मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, नाशिक ४२२, नागपूर ४४०. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. हे एवढं लक्षात असलं की यादीवर नजर टाकतानाच चूक सापडते. नाशिकच्या पत्त्यापुढे ४४० दिसलं की थांबायचं आणि फोन करून विचारायचं.

पिनचा रकाना टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. रकाना निवडा, फॉर्मॅट मेन्यूतून सेल्स, तिथे टेक्स्ट. भारतातला पिनकोड शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे हे न करताही चालेल असं वाटतं. पण यादीत अमेरिकेतली भाचरं असतातच. न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिपकोड ०८८१७ आहे. आकडा म्हणून लिहिला तर कॅल्क पुढचं शून्य गिळतो आणि ८८१७ एवढंच उरतं. परदेशातले पत्ते पूर्ण इंग्रजी अक्षरांतच लिहा, देशाच्या नावासकट. आणि सगळे पिन एकाच पद्धतीच्या आकड्यांत असू द्या. निम्मे देवनागरी आणि निम्मे इंग्रजी आकड्यांत असले तर क्रम लावताना पुण्याचे पत्ते दोन ठिकाणी विखुरतात. मी इंग्रजी आकडे वापरतो, ते सगळीकडे वाचले जातात.

जुनी यादी एखाद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर नव्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच मराठी दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर सरळ नव्यानं टाइप करा. दीडशे नावं दोन संध्याकाळी होतात.

जोडणी

यादी सेव्ह करून बंद करा. आता फाइल, न्यू, डेटाबेस. पुढच्या खिडकीत ‘कनेक्ट टू ॲन एक्झिस्टिंग डेटाबेस’ निवडा, यादीतून स्प्रेडशीट निवडा आणि आपली फाइल दाखवा. नोंदणी करायची का असं विचारेल, तिथे होय म्हणा. नाव द्या, ‘पत्ते’ पुरेल. या जोडणीत बेस यादी फक्त वाचतो, त्यामुळे दुरुस्ती करायची ती नेहमी कॅल्कमध्येच. कॅल्कची यादी आणि बेसची फाइल, दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा आणि नंतर त्यांची नावं किंवा जागा बदलू नका, जोडणी तुटते.

लेबल

बाजारात ए-४ आकाराच्या स्टिकर शीट मिळतात, एका शीटवर २१, २४ किंवा १४ लेबलं. पाच-सहा ओळींच्या मराठी पत्त्याला २१ ची शीट चांगली. २४ च्या शीटवर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. दीडशे पत्त्यांना २१ च्या आठ शीट लागतात. दोन जास्तीच्या आणा.

फाइल, न्यू, लेबल्स. डेटाबेसमध्ये ‘पत्ते’ निवडा, टेबलमध्ये आपली शीट. मग एकेक रकाना निवडून बाणाचं बटण दाबा, तो डावीकडच्या चौकटीत कोनी कंसात उतरतो. मान आणि नाव एका ओळीत, मध्ये एक जागा. गावानंतर उणे चिन्ह देऊन पिन. ‘कोणाकडून’ आणि ‘पाठवायचं’ लेबलावर घ्यायचे नाहीत.

आकाराच्या यादीत तुमची शीट सापडली तर उत्तम. ॲव्हरी कंपनीची एल-७१६० ही २१ लेबलांची शीट तिथे असते. नाही सापडली तर फॉर्मॅटच्या पानावर मापं हातानं भरा. एल-७१६० ची मापं अशी: लेबल ६३.५ × ३८.१ मिलिमीटर, डावीकडचा समास ७.२, वरचा १५.१, आडवं अंतर ६६, उभं अंतर ३८.१, रकाने ३, ओळी ७. इथलं अंतर म्हणजे एका लेबलाच्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या त्याच कडेपर्यंतचं. दुसरी शीट असेल तर पट्टी घेऊन मोजा. ऑप्शन्समध्ये ‘एंटायर पेज’ आणि ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’ या दोन्हींवर खूण करा आणि ‘न्यू डॉक्युमेंट’ दाबा.

इथे मराठी माणूस हमखास अडतो. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठेवलेला असतो. वरच्या पट्टीतून आकार बदलला तरी छापताना काही ओळी मोठ्या आणि काही लहान येतात. पहिल्या लेबलातला मजकूर निवडा, फॉर्मॅट मेन्यूतून कॅरेक्टर उघडा आणि इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही ठिकाणी फॉन्ट व आकार द्या, ११ पुरतो. मग ‘सिंक्रोनाइझ लेबल्स’ हे बटण दाबा, बाकीची वीस लेबलं पहिल्यासारखी होतात.

छपाई

प्रिंट दिलं की ‘फॉर्म लेटर’ छापायचं का असा प्रश्न येतो. होय म्हणा. वर यादी दिसेल. तिथे ‘पाठवायचं’ रकान्यात ‘हो’ असलेल्याच नोंदी गाळून घ्या आणि पिनप्रमाणे क्रम लावा. पाकिटं गावागावानुसार आपोआप लागतात. आधी प्रिंटरऐवजी फाइलमध्ये काढा आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला.

मग एक पान साध्या कागदावर छापा, कोऱ्या स्टिकर शीटवर ठेवून दोन्ही उजेडात धरा. अक्षरं लेबलाच्या कडेला भिडत असतील तर समास दोन मिलिमीटर सरकवा. दर ओळीला फरक वाढत जात असेल तर प्रिंटर पान लहान करतोय. छपाईचं प्रमाण १०० टक्के करा. शीटची छपाईची बाजू वर की खाली, हे साध्या कागदावर पेन्सिलची खूण करून आधीच बघून ठेवा.

लेझर प्रिंटरमध्ये अर्धी वापरलेली शीट पुन्हा कधीच घालू नका. उष्णतेनं सुटं लेबल आत चिकटतं आणि दुरुस्तीचा खर्च बसतो. इंकजेट असेल तर शीट काही मिनिटं पसरून वाळू द्या. पावसाळ्यात ओल्या हाताच्या बोटानंही शाई पसरते, म्हणून पिनवर पारदर्शक टेप लावलेली बरी.

यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, पण ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. लोकांनी पत्ते आपल्याला दिलेले असतात. एखादं पाकीट परत आलं तर त्यावरचा पोस्टमनचा शेरा वाचा आणि त्याच दिवशी कॅल्क उघडून ती ओळ दुरुस्त करा.