पाळी गेल्यावर मेंदूची काळजी: हार्मोन कधी घ्यायचे आणि व्यायाम कसा करायचा

"पाळी गेली आणि हल्ली काही लक्षातच राहत नाही. हार्मोनच्या गोळ्या सुरू करू का?" पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी जणी हे विचारतात. माझं सरळ म्हणणं आहे: नुसत्या स्मरणशक्तीसाठी हार्मोन घेऊ नका. अंगातून गरम वाफा येण्याचा, झोपेचा त्रास असेल तर त्यासाठी जरूर घ्या. मेंदूसाठी मात्र चालायला लागा.

१. आधी वही घ्या. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. दोन-तीन आठवडे रोज लिहा: अंगातून वाफा कधी आल्या, रात्री किती वेळा जाग आली, काय विसरलं. मुंबईच्या दमट मे महिन्यात घाम कशाचा हेही कळत नाही, म्हणून वेळ लिहिणं महत्त्वाचं. पुष्कळदा दिसतं की ज्या रात्री झोपेचं खोबरं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शब्द आठवत नाहीत.

२. तपासण्या करा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि त्यानेही विसराळूपणा येतो. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब पुढे मेंदूला महागात पडतो. कमी ऐकू येत असेल तर कानही दाखवा.

३. स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. वही सोबत न्या. हार्मोनची भीती पसरली ती २००२ सालच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर. २००३ मध्ये त्यातलाच स्मरणशक्तीचा भाग प्रसिद्ध झाला: पासष्टीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) या दोन हार्मोनच्या एकत्रित गोळ्या सुरू केलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. पण पाळी गेल्यावर लवकरच उपचार सुरू केलेल्या स्त्रियांच्या नंतरच्या चाचण्यांत स्मरणशक्तीला अपायही दिसला नाही आणि फायदाही नाही. त्यामुळे साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, वाफांनी हैराण असाल, तर हा उपचार विचारात घेण्यासारखा आहे.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा त्वचेवरच्या जेल किंवा पॅचने कमी असतो. स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार यांतलं काही होऊन गेलं असेल तर लपवू नका. पाळी गेल्यावर थोडाही रक्तस्राव झाला तर आधी त्याची तपासणी. आणि ज्यांचे अंडाशय चाळिशीतच काढले गेले, त्यांचं गणित वेगळं आहे: त्यांना साधारणपणे पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देतात. आपल्याकडे अशा बायका खूप आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शेजारणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका.

४. चाला, भरभर. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. शिवाजी पार्कला मैत्रिणीशी गप्पा मारत रमतगमत फेरी मारली तर मन प्रसन्न होतं, पण वेग येत नाही. आधी दोन फेऱ्या भरभर मारा, मग कट्ट्यावर बसून बोला. पावसाळ्यात इमारतीचा जिना किंवा लांब पॅसेज चालतो. गुडघे दुखत असतील तर जिना नको.

चालण्याने होतं काय? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांपर्यंत चालले. आठवणी साठवणारा त्यांच्या मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. उरलेल्या निम्म्यांनी अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) हलके व्यायाम केले, त्यांचा तो आक्रसला.

५. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. हातांशिवायच्या खुर्चीत पुढच्या कडेवर बसा, पाय खांद्याइतके फाकवा, हात छातीवर घ्या. श्वास सोडत उठा, तीन आकडे मोजत हळू बसा. असं दहा वेळा. मग ओट्यावर हात टेकून छाती ओट्याकडे न्या आणि मागे ढकला. पाण्याने भरलेली लिटरची बाटली एक किलोच्या डंबेलचं काम करते.

६. दवाखान्यात कधी जायचं? किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं. रोजच्या स्टेशनवरून घरचा रस्ता न सापडणं, नेहमीचा हिशेब अचानक न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हे पाळीवर ढकलू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्यांचा विभाग आहे. जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत न्या. काय बदललंय हे डॉक्टर त्यांनाही विचारतात.