संदर्भ हवा: विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

माझ्या गावच्या महादेवाच्या देवळावर मी मराठी विकिपीडियात पहिलं वाक्य लिहिलं ते असं: 'हे मंदिर ८०० वर्षांपूर्वीचे असून हेमाडपंती शैलीत बांधलेले आहे.' लहानपणापासून ऐकलेलं, देवळाबाहेरच्या फलकावर रंगवलेलं, गुरवकाकांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं. आठ महिने ते वाक्य तसंच राहिलं. मग एका सकाळी त्याच्या शेवटी बारीक अक्षरांत दोन शब्द दिसले: 'संदर्भ हवा'.

मला ते फार लागलं. माझ्या गावाबद्दल, मी पाहिलेल्या दगडांबद्दल, कोण कुठला माणूस मला पुरावा मागतो! मी ती खूण, विकिपीडियाच्या भाषेत 'साचा', काढून टाकला. त्या सदस्याने पुन्हा लावला. मी पुन्हा काढला. संध्याकाळपर्यंत हे पाच-सहा वेळा झालं, आणि एका प्रचालकांनी, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याने, पान आठवडाभरासाठी सुरक्षित केलं, म्हणजे आम्हा दोघांनाही त्यात बदल करता येईना. माझ्या चर्चा पानावर त्यांचा छोटा निरोप होता: लेखात भांडू नका, लेखाच्या चर्चा पानावर बोला.

पुढे मी नवोदितांसाठी दोन कार्यशाळा घेतल्या. तेव्हा लक्षात आलं की बरेच जण नेमके याच टप्प्यावर विकिपीडिया सोडून जातात. 'संदर्भ हवा' हा त्यांना अपमान वाटतो. तो अपमान नसतो. हे वाक्य मी कुठे जाऊन पडताळू, एवढंच समोरचा विचारत असतो. तुम्ही डॉक्टर असा, प्राध्यापक असा किंवा त्या गावात जन्मलेले असा, वाचकाला तुम्ही दिसत नाही. त्याला दिसतं ते वाक्य आणि त्याखालची तळटीप.

एकमेकांचे बदल असे पुन्हा पुन्हा उलटवण्याला 'संपादन युद्ध' म्हणतात. त्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं, तर खातं काही काळ रोखलं जाऊ शकतं. तुमचं म्हणणं बरोबर असलं, तरीही. त्यामुळे एकदा उलटवलं, समोरच्याने परत तेच केलं, की थेट चर्चा पान उघडा. तिथे शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकून सही करा, म्हणजे कोण कधी बोललं ते राहतं. आणि प्रत्येक बदलासोबत संपादनाचा सारांश लिहा. 'दुरुस्ती' एवढाच शब्द पुरत नाही. काय आणि का, ते एका ओळीत लिहा.

आमच्या चर्चा पानावर त्या सदस्याने मला पहिला प्रश्न विचारला: ज्याच्या नावावरून 'हेमाडपंती' म्हणतात तो हेमाद्री पंडित कोणत्या काळातला? उत्तर मला येत होतं. देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मग अंबरनाथचं शिवमंदिर? त्यालाही लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, पण तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या काळातला. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. महाराष्ट्रात चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' म्हणायची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की त्या शब्दावरून बांधकामाचा काळ ठरवता येत नाही. माझे ८०० वर्षं तर मी हेमाद्रीपासून मोजूनच काढले होते.

पण मी हरायला तयार नव्हतो. एका वर्तमानपत्राच्या श्रावण सोमवारच्या पुरवणीत आमच्या देवळावर लेख आला होता. त्यात 'हेमाडपंती' होतं, '८०० वर्षं' होतं. छापील पुरावा! मी तो तळटीप म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी सदस्याचं उत्तर आलं, अगदी शांत शब्दांत: लेखात देऊळ बसस्थानकापासून सव्वा किलोमीटर असल्याचं म्हटलं आहे, विकिपीडियावरही तेच आहे, हा आकडा कुठून आला? तो आकडा मी स्वतः चालत जाऊन अंदाजाने टाकला होता. पुरवणीतल्या लेखकाने माझाच परिच्छेद घेतला होता, आणि मी माझ्याच वाक्याला माझ्याच वाक्याचा दाखला देत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक झाली याचं तेवढं दुःख नव्हतं, पण ती आता कागदावर छापली गेली होती आणि मला ती परत घेता येत नव्हती. हे जगभर घडतं. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं मनाने रचलेलं नाव घातलं. ते नाव वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांतही गेलं, आणि मग तेच छापील उल्लेख त्या नावाचा पुरावा ठरू लागले. म्हणून संदर्भ मिळाला की आधी त्याची तारीख पाहा. मग लेखाचा इतिहास, म्हणजे त्यातल्या सगळ्या बदलांची तारीखवार यादी, उघडून ते वाक्य त्यात कधी आलं ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुना संदर्भ म्हणजे चांगला संदर्भ, असंही नाही. मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियरं, १८८० च्या दशकातली, जत्रा, बाजारपेठा, रस्ते, लोकसंख्या यांसाठी सोन्यासारखी आहेत. मी आजही सगळ्यात आधी तीच उघडतो. पण 'हेमाडपंती' हा शब्द तीही सैलपणेच वापरतात. स्थापत्यासाठी हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ च्या ग्रंथापासून सुरुवात करून पुढच्या अभ्यासकांकडे यावं लागतं. स्थळपुराणालाही जागा आहे. ते कुठे छापलेलं असेल, तर 'अशी आख्यायिका आहे' असं म्हणून ते सन्मानाने लिहिता येतं.

खरा कस लागतो तो दोन्ही बाजूंकडे संदर्भ असतात तेव्हा. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद घ्या. बखरींच्या परंपरेतून आलेली वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७. आणि जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींतली, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि इतिहासकारांचं मत हळूहळू दुसऱ्या तिथीकडे झुकलं. राज्य सरकारची जयंती १९ फेब्रुवारीला होते. विकिपीडियावर बसून यातली खरी तिथी ठरवण्याचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही. आपण लिहायचं ते असं: बहुतेक इतिहासकार कोणती तिथी मानतात, कशाच्या आधारावर, आणि दुसरी कुठून आली. दोन्हींना सारखी जागा द्यावी असंही नाही. अभ्यासकांत ज्या मताला जितकं वजन, तितकीच त्याला लेखात जागा.

यातच आणखी एक बारकावा आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. हे वाचून एखादा नवा सदस्य उत्साहाने तारीख 'सुधारतो', आणि इतर सदस्य खवळतात. तारखेशेजारी दिनदर्शिकेचं नाव लिहिलं, तर तो वाद निघतच नाही. अशा लेखांत मायेने आणि आदराने येणारी माणसं जास्त असतात. त्यांच्याशी बोलताना आधी तो आदर ओळखा, मग पुराव्याचं बोला. तुमचा सूर तुसडा असेल, तर तुमची तळटीप कुणी उघडणार नाही.

हयात व्यक्तींबद्दल मात्र थांबून चर्चा करत बसू नका. २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या लेखात कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी हत्येशी जोडला आणि तो मजकूर जवळजवळ चार महिने तसाच राहिला. एखाद्या माणसाची बदनामी करणारं, संदर्भ नसलेलं वाक्य दिसलं की आधी काढा, मग चर्चा पानावर कळवा.

आमच्या देवळाचा लेख आज सात ओळींचा आहे. 'हेमाडपंती' त्यात आहे, पण 'स्थानिक लोक असे म्हणतात' या शब्दांसह, आणि त्याला गावच्या जत्रेच्या स्मरणिकेचा संदर्भ आहे. सव्वा किलोमीटर मी स्वतः काढलं. सभामंडपातल्या एका खांबावर तीन ओळींचा लेख कोरलेला आहे, त्यावर रंगाचे थर चढले आहेत. मी त्याचे फोटो काढून एका अभ्यासकांना दाखवले. ते वाचन करतील, ते कुठल्या तरी नियतकालिकात छापून येईल, मग मी ते लेखात घेईन. मला स्वतःला त्यातली काही अक्षरं लागतात, पण ती मी लिहिलेली नाहीत. लेखाच्या बाजूला ठळक माहिती देणाऱ्या माहितीचौकटीत 'बांधकामाचा काळ' या शब्दांपुढची जागा सध्या रिकामी आहे.