पिकअपचे इंजेक्टर आणि फ्युएल रेल बसवताना या चुका टाळा

कॉमन रेल डिझेल पिकअपमध्ये एकच सामाईक नळी (फ्युएल रेल) सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचे डिझेल पुरवते आणि इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. हे इंजेक्टर बदलणे म्हणजे चार बोल्ट सोडणे आणि चार आवळणे, अशी समजूत नवशिक्या फिटरांमध्ये पक्की रुजली आहे. नवे, महागडे इंजेक्टर थोड्याच दिवसांत पुन्हा उतरवावे लागतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा या समजुतीतच सापडते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक जुन्या तांब्याच्या वॉशरची आहे. इंजेक्टर उपसताना वॉशर त्याच्या टोकाबरोबर बाहेर येतेच असे नाही. पुष्कळदा ते हेडमधील (सिलिंडरांवरच्या झाकणातील) भोकाच्या तळाशी काजळीत रुतून बसते आणि काजळीच्याच रंगाचे दिसते. भाजीपाल्याच्या फेऱ्या करणारी एक पिकअप माझ्याकडे आली, तेव्हा इंजेक्टर नुकतेच दुसरीकडे बदललेले होते आणि तरीही इंजिनातून चुक-चुक आवाज येत होता. वरचे कव्हर काढले, तर तिसऱ्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमलेला होता आणि स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या धक्क्याने ओढणारे हत्यार) लावल्याशिवाय तो इंजेक्टर जागचा हलेना. तळाशी जुने वॉशर तसेच होते आणि त्यावर नवे चढवलेले होते. त्यामुळे इंजेक्टर वॉशरच्या जाडीइतका वर राहिला होता, डिझेलचा फवारा पिस्टनच्या वाटीत भलत्याच ठिकाणी पडत होता आणि ज्वलनाचा वायू फटीतून वर येत होता. म्हणून उतरवलेली वॉशर मी बाकावर मांडून मोजतो आणि इंजेक्टरइतकी भरल्याशिवाय नवे वॉशर हातात घेत नाही. वॉशर जिथे टेकते ती बैठक साफ करताना कटरला ग्रीस लावून तो हातानेच फिरवावा, म्हणजे काजळी सिलिंडरमध्ये न पडता ग्रीसला चिकटते. वेळ वाचवण्यासाठी तिथे ड्रिल लावणे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक अस्वच्छतेची आहे. रेलमध्ये दाब 1600 बारपर्यंत आणि त्याहूनही वर जातो, तर इंजेक्टरमधील सुई आणि तिच्या घराच्या मधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. पाइप सोडण्याआधी सांध्यांवरची धूळ हवेने उडवावी, उघडलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच टोपी लावावी आणि कापसाच्या चिंध्या जवळही ठेवू नयेत, कारण त्यांचे धागे आत जातात.

उच्च दाबाचे पाइप नवेच घालावेत. गळणारा जुना पाइप अधिक आवळल्याने त्याचे टोक आणखी बिघडते. सगळ्या नटांना आधी बोटांनी आटे धरू द्यावेत, मग इंजेक्टरचे क्लॅम्प, नंतर रेल आणि शेवटी पाइप, असा क्रम मी पाळतो. आवळण्याचे आकडे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो. त्याचा फोटो बसवण्याआधीच काढावा आणि सिलिंडरच्या क्रमाने तो कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) भरावा.

पाइप उघडल्यावर डिझेलच्या मार्गात शिरलेली हवा काढण्यासाठी सेल्फ मारत राहू नये. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, त्यामुळे फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबावा.

चालू इंजिनाचा पाइप कधीही सैल करू नये आणि गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा दूरून धरून शोधावी, आणि सांधा आवळायचा झाल्यास इंजिन बंद करून दाब उतरल्यावरच पाना लावावा.